दरवडा, आततायी आणि आत्मरक्षणाची मर्यादा

(१)

जुन्या दफ्तरांचे रुमाल सोडून बसणाऱ्या अभ्यासकास ‘दरवडा’ हा शब्द वारंवार भेटतो. कोठें रात्रीं गांवावर दरवडा येऊन घरें लुटलीं जातात, कोठें वाटेंत उदमी नागविला जातो, कोठें गुरें वळून नेलीं जातात. अशा कागदांत बहुधा काय गेलें याची याद असते, माग कोणत्या गांवच्या शिवेंत शिरला याचा तपशील असतो, भरपाई कोणीं द्यावी याचा वाद असतो. परंतु वाचतां वाचतां जो प्रश्न मनांत उभा राहतो, त्याचें उघड उत्तर थोड्याच कागदांत मिळतें. घरधन्यानें हातीं कोयता घेतला आणि दरवडेखोरांपैकीं एक जण उंबऱ्यांतच पडला, तर घरधन्यास खुनी म्हणावयाचें कीं रक्षणकर्ता? आणि तोच घाव पळत्या मनुष्याच्या पाठींत बसला असेल तर?

या प्रश्नावर दोन समज आपल्याकडे रूढ आहेत. पहिला असा कीं, धर्मशास्त्रानें आततायी मारण्याची सरसकट मुभा दिली होती. एकदां मनुष्य आततायी ठरला म्हणजे त्यास केव्हांही, कोठेंही व कोणीही मारावें. दुसरा असा कीं, इंग्रजी अमलांत १८६० ची दंडसंहिता आली आणि तेव्हांपासून घरधन्याचे हात बांधले गेले. मूळ वचनें आणि कलमें एकापुढें एक ठेवून पाहिलीं असतां हे दोन्ही समज टिकत नाहींत. शास्त्रकारांच्या विचाराचा शेवट आणि संहितेचा आरंभ या दोहोंत मर्यादा एकाच जागीं आखलेली दिसते : हल्ला चालू आहे तोंवर प्रतिकार, हल्ला थांबला कीं तो मनुष्य राजसत्तेच्या स्वाधीन. हें दाखविणें, आणि या मर्यादेचें सर्वांत स्पष्ट असें प्राचीन वचन आपल्यापर्यंत कोणत्या वाटेनें आलें तें हस्तलिखितसंग्राहकांच्या नजरेस आणणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

प्रथम शब्दांचा विचार करूं. दरवड्यास धर्मशास्त्रांत जवळचा शब्द ‘साहस’ हा आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत दोन कृत्यांतील भेद सांगितला आहे. धन्याच्या समक्ष व बळानें जें हरण केलें तें साहस. त्याच्या नकळत केलें, किंवा करून मग नाकबूल केलें, तें स्तेय, म्हणजे चोरी. चोरापेक्षां साहसिक अधिक पापी, असेंही तेथें म्हटलें आहे. कारण चोर केवळ द्रव्याचा अपहार करतो, तर साहसिक द्रव्याबरोबर माणसाच्या जिवाला व राज्याच्या शांततेला हात घालतो. आजच्या मराठींत ‘साहस’ शब्दास धाडसाचा चांगला अर्थ आलेला आहे. त्या अर्थानें व्यवहारप्रकरणाची पोथी वाचूं लागल्यास फसगत व्हावयाची.

मराठी कागदांतील शब्द याहून सैल आहेत. दरवडा, दरोडा, धाड, वाटमारी, घरफोडी हे शब्द कधीं काटेकोर भेदानें, तर कधीं एकमेकांच्या जागीं येतात. मोल्सवर्थच्या कोशांत ‘दरवडा’ व ‘दरोडा’ हीं दोन्ही रूपें नोंदलेलीं आहेत. दंडसंहितेनें मात्र शब्दास आंकडा जोडला. तिच्या ३९१ व्या कलमाप्रमाणें पांच अथवा अधिक मनुष्यांनीं मिळून जबरीची चोरी केली किंवा करण्याचा यत्न केला तरच तो दरोडा. चारांनीं केली तर ती नुसती जबरीची चोरी. १८६० पूर्वींच्या कागदांत हा आंकडा शोधूं नये. तेथें ‘दरवडा’ म्हणजे टोळीनें, हत्यार घेऊन, उघड केलेली लूट, इतकाच अर्थ घ्यावा.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘दरोडेखोर’ हा शब्द कागद लिहिणाऱ्याचा असतो, ज्याविषयीं लिहिलें त्याचा नसतो. ज्या उमाजी नाईकास १८३२ सालीं पुण्यास फांशीं दिलें आणि ज्या वासुदेव बळवंत फडक्यांनीं १८७९ सालीं पैशासाठीं धनिकांवर धाडी घातल्या, त्यांचीं कृत्यें सरकारी लेखांत दरोडे म्हणून नोंदलीं गेलीं. लोकांच्या आठवणींत तीं बंडें म्हणून राहिलीं. शब्दावरून मनुष्याची पारख करण्याचा मोह टाळला पाहिजे, हें येथें सांगून ठेवतों. कारण आत्मरक्षणाच्या कायद्याचें मर्मही याच गोष्टींत आहे.

(३)

‘आततायी’ या शब्दाचा मूळ अर्थ ज्यानें धनुष्य ओढलेलें आहे असा. यजुर्वेदाच्या शतरुद्रियांत तो रुद्राचें विशेषण म्हणून आलेला आहे. म्हणजे मुळांत हा शब्द एखाद्या जातीच्या किंवा स्वभावाच्या मनुष्याचें नांव नसून एका क्षणाचें वर्णन आहे : दोरी ताणलेली आहे, बाण अजून सुटावयाचा आहे.

पुढें स्मृतींत त्याची यादी झाली. वसिष्ठानें सहा आततायी सांगितले आहेत : आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र हातीं घेऊन आलेला, धन हरण करणारा, शेत बळकावणारा आणि पत्नीचें हरण करणारा. शस्त्रधारी दरवडेखोर यांपैकीं निदान दोन सदरांत बसतो. मनूनें आत्मरक्षणासाठीं, तसेंच स्त्रिया व ब्राह्मण यांच्या रक्षणासाठीं शस्त्र धरण्यास अनुज्ञा दिली. चालून येणारा आततायी गुरु असो, बालक असो, वृद्ध असो वा विद्वान ब्राह्मण असो, त्यास विचार न करतां मारावें, त्यांत मारणाऱ्यास दोष नाहीं, असें सांगितलें. पहिल्या समजाचा सर्व आधार या वचनांवर आहे.

परंतु यादी झाली कीं क्षणाचें वर्णन मागें पडून मनुष्याचें लेबल पुढें येतें. शेत बळकावणारा दहा वर्षें आततायीच राहतो काय? त्यास बाजारांत गांठून मारावें काय? टीकाकारांस ही अडचण जाणवली. कल्याणीच्या विक्रमादित्याच्या काळीं मिताक्षरा रचणाऱ्या विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्याच्या दुसऱ्या अध्यायावरील टीकेंत या वचनांचा विस्तारानें परामर्श घेतला आहे. तेथें मूळ प्रश्न दोन स्मृतिवचनांच्या विरोधाचा आहे. अर्थशास्त्राहून धर्मशास्त्र बलवत्तर, हा नियम घेऊन तो विचार करूं लागतो, आणि गुरु, बालक यांचा उल्लेख वधाची आज्ञा देण्यासाठीं नसून केवळ अर्थवाद आहे असें ठरवितो. त्याचा निर्णय असा : आततायी ब्राह्मणादिकांचें निवारण आपल्या रक्षणार्थ अवश्य करावें, पण वधाचा हेतु मनांत धरूं नये, निवारण करीत असतां चुकून मृत्यु घडल्यास प्रायश्चित्त अल्प, आणि राजदंड मुळींच नाहीं. येथें ब्राह्मणास मिळालेली सवलत आजच्या वाचकास खटकेल आणि ती खटकावी हें योग्यच आहे. तथापि त्या सवलतीच्या निमित्तानें विज्ञानेश्वरानें जो भेद काढला तो मोलाचा आहे. मारणें आणि निवारणें या दोन क्रिया आहेत. बाहेरून त्या सारख्या दिसल्या तरी हेतु निराळा असल्यानें त्यांचें फळ निराळें.

हेतूचा प्रश्न मिताक्षरेनें सोडविला. वेळेचा प्रश्न सोडविला तो कात्यायनानें. त्याचें म्हणणें असें कीं, दुष्कृत्यास उद्युक्त झालेल्यांस मारणाऱ्याकडे दोष नाहीं. पण तेच लोक आरंभलेल्या कृत्यापासून परावृत्त झाले असतील तर त्यांस धरावें, मारूं नये. ‘उद्यत’ आणि ‘निवृत्त’ या दोन शब्दांत आत्मरक्षणाची सर्व मर्यादा सामावली आहे. ताणलेलें धनुष्य सैल झालें कीं आततायीपण संपलें; उरला तो अपराधी, आणि अपराध्याचा न्याय राजाकडे.

आतां या वचनाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. कात्यायनाचा व्यवहारावरील हा ग्रंथ आज स्वतंत्र रूपानें उपलब्ध नाहीं. तो नष्ट झाला. टीकाकारांनीं व निबंधकारांनीं आपापल्या ग्रंथांत उतरून घेतलेलीं त्याचीं वचनें तेवढीं उरलीं. तीं ठिकठिकाणांहून वेंचून, विषयवार लावून, महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं १९३३ सालीं ‘कात्यायनस्मृतिसारोद्धार’ प्रसिद्ध केला; त्यांत नऊशेंहून अधिक श्लोक गोळा झाले आहेत. उद्धृत करणाऱ्या एखाद्या निबंधकारानें हा श्लोक अनवश्यक म्हणून गाळला असता, किंवा त्याच्या पोथीचें तें पान वाळवीनें खाल्लें असतें, तर आततायिवधाच्या अनुज्ञा तेवढ्या टिकल्या असत्या आणि त्यांवरची ही स्पष्ट मर्यादा हरवली असती.

(४)

स्मृतींतील हा विचार गांवकऱ्यांच्या वहिवाटीशीं कितपत जुळत होता? त्याचे दोन पुरावे आपल्यासमोर आहेत. एक दगडाचा, दुसरा कागदाचा.

दगडाचा पुरावा म्हणजे वीरगळ. महाराष्ट्रांत शेंकडों गांवांच्या वेशीजवळ, देवळाच्या आवारांत किंवा बांधावर हे दगड उभे आहेत. खालच्या पट्टींत झुंज किंवा पडलेला वीर, त्यावर अप्सरा त्यास स्वर्गास नेत आहेत, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. ज्या वीरगळावर गाई कोरलेल्या असतात, तो गुरें वळून नेणाऱ्या टोळीशीं लढतां लढतां पडलेल्याचा समजावा. दरवड्याचा प्रतिकार हें आपल्याकडे नुसतें क्षम्य नव्हतें, तर स्मारकास पात्र होतें, याची ही दगडी साक्ष आहे. मनूच्या नवव्या अध्यायांत याचीच दुसरी बाजू आहे : गांव लुटला जात असतां किंवा वाटेंत चोरी होत असतां शक्ति असून जे धांवून जात नाहींत त्यांस चीजवस्तूसह हद्दपार करावें, असें तेथें सांगितलें आहे. एकट्या घरधन्याचा हक्क येथें सर्व शेजाऱ्यांचें कर्तव्य होतो.

कागदाचा पुरावा मागाचा. दरवडेखोर पळाले म्हणजे पुढचें काम तलवारीचें नसून पावलांचें. याज्ञवल्क्याच्या मतें माग गांवाबाहेर गेलेला दाखवितां आला नाहीं तर दोष गांवच्या मुख्याकडे, आणि ज्या गांवच्या शिवेंत माग जाऊन थांबेल त्या गांवानें भरपाई द्यावी. तीच पद्धति पेशवाईच्या अखेरीपर्यंत चालू असलेली एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत वर्णिली आहे. गांवचा राखणदार, मग तो रामोशी असो वा भिल्ल, माग काढीत शिवेपर्यंत जाई, पुढच्या गांवच्या राखणदाराच्या हातीं तो माग देई, आणि जेथें माग अडे त्या गांवावर जबाबदारी येई. पाटलाच्या दफ्तरांतील ‘माग लावून दिला’, ‘माग शिवेंत आला’ अशा ओळी याच अर्थानें वाचाव्या. हल्ल्याच्या क्षणीं शस्त्र आणि हल्ला सरल्यावर माग, ही जी विभागणी येथें दिसते ती ‘उद्यत’ व ‘निवृत्त’ यांचेंच व्यवहारांतील रूप होय.

(५)

आतां संहितेकडे वळूं. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगानें १८३७ सालीं मसुदा तयार केला. १८६० सालीं त्याचा कायदा झाला. १ जानेवारी १८६२ पासून तो अमलांत आला. मसुद्याबरोबर जोडलेल्या टिपणांत आयोगानें आत्मरक्षणाचा हक्क जाणूनबुजून सैल हातानें दिल्याचें कबूल केलें आहे. या देशांतील लोक दरवडेखोरांच्या टोळ्यांपुढें फार सहनशील राहतात, त्यांच्यांत प्रतिकाराची वृत्ति जागी व्हावी, असें त्याचें म्हणणें. देशाच्या वीरगळांवरून ज्याची नजर फिरली आहे त्यास हा शेरा पटणार नाहीं. पण इंग्रजी कायद्यानें हात बांधले या समजास मात्र तो पुरेसें उत्तर आहे.

हा हक्क ९६ ते १०६ या कलमांत सांगितला आहे. आपल्या व परक्याच्या शरीराचें, तसेंच आपल्या व परक्याच्या मालमत्तेचें रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. मालमत्तेच्या रक्षणार्थ प्राण घेण्यापर्यंत हा हक्क केव्हां पोंचतो तें १०३ व्या कलमांत आहे : जबरीची चोरी, रात्रींची घरफोडी, राहत्या घरास, तंबूस किंवा माल ठेवण्याच्या जागेस आग लावणें, आणि ज्या चोरींत, नासधुशींत किंवा गृहअतिक्रमणांत प्राणाची अथवा जबर दुखापतीची वाजवी भीति वाटेल ती. वसिष्ठाच्या यादींतील अग्निद, शस्त्रपाणि व धनापहारी यांची आठवण येथें सहज होते.

मर्यादा दोन. पहिली ९९ व्या कलमांत : सरकारी अधिकाऱ्यांचा आश्रय घेण्यास अवसर असतां हा हक्क नाहीं, आणि रक्षणास लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कधींच नाहीं. दुसरी १०५ व्या कलमांत, आणि ती वेळेची. जबरीच्या चोराविरुद्ध हक्क टिकतो तो तो मनुष्य प्राणहानि, दुखापत किंवा अटकाव करीत आहे, किंवा तशी तत्काळ भीति आहे, तोंवर. रात्रींच्या घरफोड्याविरुद्ध घरांतील शिरकाव चालू आहे तोंवर. साध्या चोरीच्या बाबतींत चोर माल घेऊन निसटेपर्यंत, माल परत मिळेपर्यंत किंवा सरकारी मदत येईपर्यंत हक्क राहतो, पण त्या अवस्थेंत केवळ मालासाठीं प्राण घेण्यापर्यंत तो जात नाहीं.

एका कल्पित प्रसंगानें हें स्पष्ट होईल. मध्यरात्रीं सहा जण कुऱ्हाडी घेऊन एका वाड्याचें दार फोडीत आहेत. आंतल्या मनुष्यानें दाराच्या फटींतून भाला चालविला व एक जण मेला. येथें शास्त्र व संहिता दोन्ही त्यास निर्दोष म्हणतील. टोळी आंत शिरली. एक जण पेटी उचलतो, दुसरा घरच्या माणसांवर कुऱ्हाड उगारून उभा आहे. येथेंही हक्क पूर्ण आहे. पेटी उचलणारा स्वतः निःशस्त्र दिसला तरी लूट एकच आहे. मग शेजारी ओरडत आले, टोळीनें पेटी टाकली आणि शेतांतून पळ काढला. एक जण अडखळून पडला. घरधन्यानें मागून येऊन त्या पडलेल्याचें डोकें फोडलें. येथें हक्क संपलेला आहे. कात्यायन म्हणेल, त्यास धरावयाचें होतें. संहिता म्हणेल, भीति उरली नव्हती. मनुष्य तोच, रात्र तीच, अपराध तोच. बदलला तो केवळ क्षण.

अशा रात्रीं क्षणाचा हिशेब शांतपणें कोणास करतां येतो, असा आक्षेप येईल. त्याची दखल संहितेनें घेतली आहे. हक्क सद्भावनेनें, पूर्वसंकल्पावांचून व जरुरीपेक्षां अधिक इजा करण्याचा हेतु नसतां ओलांडला गेला तर तो खून न होतां सदोष मनुष्यवध होतो, असा ३०० व्या कलमाचा दुसरा अपवाद आहे. संकटांत सांपडलेल्या मनुष्याचे वार सोनाराच्या कांट्यावर तोलूं नयेत आणि त्यानें भ्याडासारखें पळून जावें अशी अपेक्षा करूं नये, असें न्यायालयांनीं वारंवार सांगितलें आहे. परंतु मर्यादेविषयीं तीं ठाम आहेत. १९६२ सालीं शेताच्या ताब्यावरून झालेल्या गोळीबाराच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लिहितांना न्यायमूर्ति प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनीं हाच नियम मांडला : भीतीचें कारण नाहींसें झालें, हल्लेखोर मोडला किंवा पळाला, कीं हक्क वापरण्यास प्रसंगच उरत नाहीं. गजेंद्रगडकर सातारच्या संस्कृत विद्वानांच्या घराण्यांतले.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं २०२३ ची भारतीय न्याय संहिता आली आहे. तिच्यांत हीं कलमें ३४ ते ४४ या क्रमांकांनीं आलीं आहेत; दरोड्याचें कलम ३१० आहे आणि पांच माणसांचा आंकडा कायम आहे. ‘रात्र’ या शब्दाऐवजीं आतां सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं असें म्हटलें आहे, आणि आगीबरोबर स्फोटक द्रव्यांचा उल्लेख आला आहे. मर्यादेची रेषा मात्र होती तेथेंच आहे.

(६)

ही रेषा एवढ्या आग्रहानें कां जपावयाची? कारण ती पुसली गेली कीं ‘आततायी’ हें क्षणाचें वर्णन न राहतां माणसावरचा शिक्का बनतो. असा शिक्का कायद्यानेंही एकदां मारून पाहिला. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें व त्याच्या पुढील आवृत्त्यांनीं जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, आणि १९५२ सालीं तो कायदा देशभर रद्द होईपर्यंत लक्षावधि लोकांनीं हजेरी व पाहारा सोसला. हातांत शस्त्र आहे कीं नाहीं हें न पाहतां कूळ पाहण्याचा तो परिणाम. आत्मरक्षणाचा नियम याच्या नेमका उलट आहे. तो उगारलेला हात पाहतो, कूळ पाहत नाहीं; आणि हात खालीं आला कीं घरधन्याचा हातही खालीं यावा असें सांगतो. मध्यरात्रीं भाला चालविणाऱ्या घरधन्याचा त्यानें बचाव होतो, तसाच सकाळीं जमावाच्या हातीं सांपडलेल्या, चोर समजल्या गेलेल्या निःशस्त्र मनुष्याचाही.

संग्राहकांस शेवटीं एक विनंती. धर्मशास्त्राच्या पोथ्या मिळतात त्यांत श्राद्ध, व्रतें, प्रायश्चित्त यांचीं प्रकरणें आवडीनें जपलीं जातात. व्यवहारप्रकरणाचीं सुटीं, पानक्रम हरवलेलीं पानें मात्र ‘अपूर्ण’ म्हणून बाजूस पडतात. अशा पानांवर ‘कात्यायनः’ अशी अक्षरें दिसलीं तर तें पान वेगळें काढावें, त्याची नक्कल करावी, आणि काण्यांच्या संग्रहांतील पाठाशीं ताडून पाहावें. त्याचप्रमाणें गांवच्या दफ्तरांत मागाचा किंवा दरवड्यांत पडलेल्या माणसाचा कागद मिळाल्यास त्यांतील काळवेळेचे शब्द, म्हणजे घाव केव्हां बसला, माणूस कोठें पडला, हात रिकामा होता कीं नाहीं, हे जसेच्या तसे उतरून घ्यावे. निवाडा त्या शब्दांवर ठरत असे, आणि आजही ठरतो.